हळू बोला, धनुर्वाताचा वॉर्ड आहे

उयेननं त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो ओरडत होता.

भांडत नव्हता, नुसता पत्ता विचारत होता. पण नदीच्या पलीकडच्या माणसाला हाक मारावी तशी त्याची विचारायची तऱ्हा! "अहो, धनुर्वाताचा वॉर्ड कुठाय? धनुर्वाताचा!" तो आवाज जिन्यावरून तिसऱ्या मजल्यावर चढला, लोखंडी दारातून आत शिरला, आणि पडदे ओढलेल्या त्या अंधाऱ्या खोलीत पाच नंबरच्या खाटेवरचे बदकवाले आजोबा कमानीसारखे पाठीतून उचलले गेले.

उयेननं आजोबांकडं पाहिलं, मग घड्याळाकडं. अकरा सेकंद, बारा, तेरा… आजोबा पुन्हा खाटेला टेकले. तिनं तक्त्यात एक रेघ ओढली आणि धावत बाहेर गेली.

"गप्प!" ती कुजबुजली. तिचा तळहात त्याच्या तोंडापाशी जाऊन बोटभर अलीकडं थांबला.

"काय?" तो तितक्याच मोठ्यानं म्हणाला.

मग तिनं तो तळहात ठेवलाच.

तो घामानं निथळत होता. अंगाला नारळाच्या काथ्याचा, धुराचा वास. तळहाताच्या वर दोन भेदरलेले डोळे. चौतीस-पस्तिशीचा बाप्या माणूस, पण डोळे हरवलेल्या पोराचे.

"इथल्या माणसांना आवाज लागतो," ती अगदी हळू म्हणाली. "सुरी लागावी तसा. कळलं?"

त्यानं मान हलवली. तिनं हात काढला.

"ताई…" त्यानं कुजबुजायचा प्रयत्न केला, पण ते कुजबुजणंही खालच्या मजल्यापर्यंत गेलं असतं. "वडलांना आणलंय. खाली आहेत, गाडीत. जबडाच उघडत नाही त्यांचा. काल सकाळपासून. माफ करा, मला डाव्या कानानं कमी ऐकू येतं. लाऊडस्पीकरचा धंदा आहे माझा. लग्न, बारसं, मयत…"

उयेन त्याच्याकडं बघत राहिली. नऊ वर्षं ती या वॉर्डात होती. दाराच्या बिजागरीला तेल घालण्यापासून पायात कापडी चपला घालण्यापर्यंत सगळं तिनं केलं होतं. आणि आज देवानं पाठवला कोण, तर लाऊडस्पीकरवाला.

"नाव?"

"वडलांचं की माझं?"

"दोघांचंही सांगा."

"वडलांना सगळे साऊकाका म्हणतात. मी लुआन. बेन त्रेहून आलोय, नारळांच्या मुलखातून."

---

साऊकाकांच्या तळपायात नारळ सोलायच्या अंगणातला गंजका खिळा घुसला होता. ते त्यांनी कुणाला सांगितलंसुद्धा नव्हतं. आठ दिवसांनी जबडा आखडला, मग मान, मग पाठ. वॉर्डात आले तेव्हा त्यांचे ओठ ताणले जाऊन चेहऱ्यावर एक हसू बसलं होतं, आणि डोळ्यांत मात्र हसण्याचा मागमूस नव्हता. उयेनला त्या हसण्याची इतकी सवय झाली होती की कधीकधी रस्त्यात कुणी खरंच हसलं तरी ती दचकायची.

त्याच दुपारी तिनं लुआनला बाहेरच्या बाकावर बसवून कागद दिले. चौदा पानं.

"आमच्याकडं एका नव्या औषधाची चाचणी चालू आहे," ती म्हणाली. "नेहमीचे उपचार सगळ्यांनाच मिळतात, तुमच्या वडलांनाही मिळायला लागलेत. त्याशिवाय निम्म्या लोकांना हे नवं औषध देतात. झटके कमी व्हावेत, श्वासाच्या यंत्राची गरज पडू नये, अशी आशा आहे."

"आणि उरलेल्या निम्म्यांना?"

"तशाच बाटलीतून खारं पाणी."

"वडलांना काय मिळणार?"

"मला माहीत नाही."

"मग कुणाला माहीत आहे?"

"इथं कुणालाच नाही. कुणाला काय मिळतंय ते नंबर लावलेल्या सीलबंद पाकिटांत असतं. डॉक्टरांनाही ठाऊक नसतं. नाही म्हणालात तरी उपचारांत काही फरक पडणार नाही."

त्यानं चौदाच्या चौदा पानं वाचली. ओठ हलवत, एका ओळीवर बोट ठेवून. बहुतेक जण शेवटचं पान उलटून सही कुठं करायची तेवढं विचारतात. उयेनचे पाय दुखत होते. सकाळपासून ती फक्त एकदा बसली होती, तीही इंजेक्शनची पेटी मोजायला. पण या माणसाला घाई करावीशी तिला वाटेना.

"ताई," तो शेवटी म्हणाला, "यात लिहिलंय की हे औषध चालतं की नाही ते अजून कुणाला माहीत नाही."

"हो."

"मग उगाच माहीत असल्यासारखा चेहरा का करता तुम्ही?"

ती हसणार होती. फार दिवसांत हसली नव्हती, त्यामुळं जरा उशीर झाला. तोवर त्यानं सही केली होती.

---

तिसऱ्या दिवशी साऊकाकांच्या गळ्याला छिद्र पाडून नळी बसवली आणि त्यांना श्वासाच्या यंत्रावर घेतलं. लुआनला दिवसातून दोनदा अर्धा-अर्धा तास आत सोडायचे. उरलेला वेळ तो जिन्यातल्या चटईवर इतर नातेवाइकांबरोबर असायचा. आठवड्याभरात त्या जिन्याचा तो मुकादमच झाला. कुणाचा फोन वाजला की याची नजर. कुणी डब्याचं झाकण आपटलं की याचा हात हवेत. नव्यानं आलेल्या म्हाताऱ्या बायकांना तो स्वतःच कुजबुजत समजावायचा, "मावशी, इथं आवाज लागतो. सुरी लागावी तसा."

आपलंच वाक्य आपल्यालाच ऐकू आलं तेव्हा उयेन दाराआड थबकली.

एका दुपारी त्यानं तिच्यापुढं शहाळं धरलं. वरून छान छिललेलं, नळी घालून तयार.

"चालत नाही," ती म्हणाली. "चाचणीतल्या रुग्णाच्या घरच्यांकडून काहीही घ्यायचं नाही. नियम आहे."

"शहाळंसुद्धा?"

"शहाळंसुद्धा."

"बरं." त्यानं ते बाकावर ठेवलं आणि दोन पावलं मागं सरकला. "ताई, हे इथं कुणाचं तरी राहिलंय वाटतं. बेवारस आहे बिचारं. वाया जाईल…"

"माळीबुवांना द्या."

"माळीबुवा चार पिऊन बसलेत."

तिला हसू आलं. ते लपवायला तिनं तोंडावरचा मास्क वर ओढला, पण डोळ्यांचं काय करणार?

"आणि मला ताई म्हणू नका," ती जाता जाता म्हणाली. "तुम्ही माझ्याहून मोठे दिसता."

"दिसतो. उन्हात रापलोय." तो दोन पावलं मागोमाग आला. "मग काय म्हणू?"

"उयेन म्हणतात मला सगळे."

"उयेन," त्यानं म्हणून पाहिलं. तेही हळू. हे नाव मोठ्यानं घ्यायचं नसतं असं कुणी बजावल्यासारखं.

त्या दिवशी साऊकाकांच्या नाडीची नोंद तिनं चुकून शेजारच्या रकान्यात लिहिली. नऊ वर्षांत पहिल्यांदा. खोडून, सही करून, पुन्हा लिहावी लागली.

---

पुढच्या आठवड्यात तो तिच्याकडं शाळेची एक वही घेऊन आला. वहीत वेळा लिहिल्या होत्या. अकरा दहा. चार पाच. पुन्हा अकरा बारा…

"हे काय?"

"भांड्यांची गाडी. ती या वेळी येते. उंबऱ्यावरून तिची चाकं खाली आपटतात, मग स्टीलची झाकणं वाजतात. आणि ही दुसरी ओळ आहे ना, ती त्या यंत्राच्या गजराची. ती शिट्टी… लग्नात माईक शीळ घालतो ना, अगदी तो सूर आहे. कान फाडणारा. मला तर एकच कान आहे, तरी माझे दात शिवशिवतात." तो ओशाळला. "तुम्ही झटक्यांच्या रेघा ओढता ते मी आत आलो की बघतो. माझ्या वेळा आणि तुमच्या रेघा एकदा शेजारी ठेवून बघाल? मी अडाणी माणूस आहे. चुकतही असेन."

ड्यूटी संपल्यावर उयेन थांबली. खरं तर बसस्टॉपपर्यंत चालत जायचंही त्राण नव्हतं. बाकावर मध्ये वही, एका बाजूला तो, एका बाजूला ती. रुग्णांची नावं झाकून तिनं नुसत्या वेळा वाचल्या, त्यानं खुणा केल्या. बाहेर फेरीवाली तांदळाच्या कणीच्या भाताची गाडी ढकलत गेली, भाजलेल्या मांसाचा वास जिन्यात दरवळला आणि दोघांच्याही पोटात एकदमच गुरगुरलं.

"हाही आवाज लिहू का?" त्यानं विचारलं.

"लिहा. पाच चाळीस."

दहातले सहा झटके गाडीच्या नाहीतर गजराच्या मागोमाग आले होते.

उयेन त्या खुणांकडं बघत राहिली. ती रोज रेघा ओढत होती. इतकी वर्षं. आणि दमलेल्या माणसाला समोरचं दिसत नाही तसं तिला हे दिसलंच नव्हतं. तिला रडू यायला लागलं… रडायलासुद्धा ताकद लागते, म्हणून नुसतेच डोळे भरून आले.

"अहो, मी काही चूक केली का?"

"नाही," ती म्हणाली. "नाही हो."

वॉर्डाच्या प्रमुख डॉक्टर लामबाई कडक होत्या, पण वही त्यांनी दोनदा पाहिली. आठ दिवसांत गाडीच्या चाकांना मोटारसायकलच्या जुन्या ट्यूबचं रबर बसलं. ते लुआननंच आणलं, कापलं, चिकटवलं. यंत्रांची देखभाल करणारे इंजिनिअर आले आणि गजराचा सूर खाली उतरवून गेले. परिचारिकांच्या टेबलावर एक लाल दिवा लावला. गजर झाला की तोही पेटायचा. लामबाईंनी लुआनला बोलावून सांगितलं, "चाचणीचा आणि याचा संबंध नाही. पण आभार." तो बाहेर आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते, ऐकू येणारा आणि न येणारा, दोन्ही.

---

आणि मग साऊकाकांचं हृदय बिथरलं.

धनुर्वात शेवटीशेवटी असं करतो. झटके उतरणीला लागले की वाटतं सुटलो, आणि नाडी एकदम दीडशेवर जाते, रक्तदाब वर जाऊन भिंतीला आपटल्यासारखा खाली येतो. दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या सकाळी उयेन दाराबाहेर आली तेव्हा लुआन समोर उभा होता. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले.

"ते पाकीट उघड," तो म्हणाला.

तिला आधी कळलंच नाही.

"पाकीट. वडलांच्या नंबरचं. त्यात पाणी असेल तर त्यांना खरं औषध द्या. अजून वेळ गेलेली नाही. उयेन, तू उघडू शकतेस."

तो 'तू' म्हणाला होता. दुसऱ्या कुठल्या दिवशी म्हणाला असता तर…

"नाही उघडता येत."

"येत नाही की उघडणार नाहीस?"

"उघडणार नाही. लामबाईंना उपचारासाठी गरज लागली तर त्या उघडतील. आज गरज नाही. आत काहीही निघालं तरी आज त्यांना द्यायचं ते सगळं दिलं जातंय."

"तुला काय," तो म्हणाला. आवाज चढला नाही. इतक्या दिवसांत त्याला ते जमलं होतं. पण तो मोठ्यानं ओरडला असता तर बरं, असं तिला वाटलं. "तुझ्या तक्त्यात बाबा म्हणजे एक आकडा. हा गेला की पुढचा."

उयेन भिंतीला टेकली. सकाळचे आठ वाजले होते आणि ती आधीच दमली होती, कालच्या थकव्यावर आजचा थकवा.

"प्रत्येकाचं पाकीट उघडावंसं वाटतं मला," ती म्हणाली. "प्रत्येकाचं. बदकवाल्या आजोबांचंही वाटलं होतं. ते गेले, आठवतं? पण उघडलं, आणि मग ज्याची कीव आली त्याला औषध दिलं, तर हे औषध चालतं की नाही ते कधीच कळणार नाही. दहा वर्षांनी आणखी एक मुलगी इथं उभी असेल आणि आणखी एक लुआन तिला विचारेल, आणि ती म्हणेल, माहीत नाही. मला ते 'माहीत नाही' संपवायचंय. तेवढंच करतेय मी इथं. दुसरं काही येत नाही मला."

तो जिना उतरून निघून गेला. चटई दिवसभर रिकामी राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या वेळेला तो पुन्हा आला. दाढी केली होती. आत जाऊन वडलांच्या पायाशी बसला, अर्ध्या तासानं उठला. दारात ती होती.

"काल मी…"

"नाडी शंभराच्या खाली आलीय," ती म्हणाली. "सकाळपासून."

त्यानं तिच्याकडं पाहिलं. मग पाठ वळवून तो भिंतीकडं तोंड करून उभा राहिला, बराच वेळ. ती त्याच्याशेजारी उभी राहिली. शेजारी म्हणजे हातभर अंतरावर. नियम होता.

---

सदतिसाव्या दिवशी साऊकाका घरी निघाले. हात थरथरत होते, आवाज खरखरीत. "या पोरानं," ते उयेनला म्हणाले, "इतके दिवस हळू बोलून मला घाबरवून सोडलं. मला वाटलं, मी मेलोय आणि हा प्रार्थना करतोय."

लुआन सामान खाली ठेवून परत वर आला.

"फोन करू?" त्यानं विचारलं.

"सहा महिन्यांनी शेवटचा फॉर्म भरायला मीच येणार आहे तुमच्या घरी. तोपर्यंत तुम्ही चाचणीतल्या रुग्णाचे नातेवाईक. मी चाचणीची नर्स. तोपर्यंत…" तिनं हातातली फाइल मिटली. "तोपर्यंत नाही."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर तुम्ही विसरलेले असाल."

"बरं," तो म्हणाला. आणि खरंच गेला.

सहा महिने एकही फोन नाही, एकही निरोप नाही. त्यानं शब्द पाळला याचं उयेनला बरं वाटायचं, आणि त्यानं इतका पाळला याचा राग यायचा. आई फोनवर विचारायची, "कुणी आहे का गं मनात? एकतीस संपलं तुझं." ती म्हणायची, "आई, झोप आलीय." ते खोटं नव्हतं.

नोव्हेंबरात ती बेन त्रेला गेली. अंगणात नारळांचे ढीग, ओसरीवर पेट्यांएवढे स्पीकर मेणकापडाखाली झाकलेले. साऊकाका खुर्चीत. लुआन दाराशी उभा, हात पुसत, काय करावं न सुचून पुन्हा पुसत.

उयेननं फॉर्म उघडला. "शर्टाची बटणं स्वतः लावता?"

"लावतो."

"एकट्यानं चालता?"

"कालव्यापर्यंत."

"गेल्या महिन्यात मन उदास वाटलं का?"

"मला नाही," साऊकाका म्हणाले. "त्या दारातल्याला विचारा. कुत्रं भुंकलं तरी रस्त्यावर बघतो."

"बाबा!"

"त्यांचा रकाना नाही यात," उयेन म्हणाली, मान वर न करता. पण कान तापले होते. तिनं सही केली, तारीख घातली. साऊकाकांच्या नंबरचा शेवटचा कागद.

बसपर्यंत सोडायला तो आला. दोघं कालव्याच्या कडेनं चालले. तो काही बोलेल असं तिला वाटत होतं, तिला काही बोलायचं असेल असं त्याला. बस आली.

"आता फोन करू?" शेवटच्या क्षणी त्यानं विचारलं.

"करा," ती म्हणाली. आणि बसच्या पायरीवरून, "…कर."

---

निकाल मार्चमध्ये लागला. तोवर चार महिने रोज फोन येत होता. कधी पाच मिनिटं, कधी दोनच. कुठं लग्न होतं, कुणी बेसूर गायलं, साऊकाकांनी किती नारळ सोलले. मुद्द्याचं दोघंही बोलत नव्हते. इतकं काही टेकवून ठेवलेलं होतं त्या फोनांवर, की धक्का लागून पडेल अशी तिला भीती वाटायची.

बैठकीच्या खोलीत लामबाईंनी पडद्यावर दोन रेघा दाखवल्या. एक औषधाची, एक पाण्याची. दोन्ही एकमेकींना चिकटून वर चढत होत्या. एकशे नव्वद माणसं, चार वर्षं. फरक नव्हता.

लामबाई चष्मा पुसत म्हणाल्या, "हेही उत्तरच आहे. आता या औषधामागं कुणी आणखी दहा वर्षं घालवणार नाही." मग थांबून, "आवाज कमी केल्यापासून झटके कमी झालेत असं दिसतंय. पण दिसतंय म्हणून चालत नाही. त्याची नीट चाचणी करावी लागेल. सोमवारपासून कामाला लागू. उयेन, तू?"

"हो," ती म्हणाली. तिचं तोंड म्हणालं.

बाहेर येऊन ती पायरीवर बसली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिनं स्वतःहून त्याला फोन लावला.

"नाही चाललं," ती म्हणाली. "औषध. नाही चाललं, लुआन."

त्यानं विचारलं, "कुठं आहेस? जेवलीस?"

"नाही."

"महामार्गावरच्या पुलाच्या अलीकडं एक कॉफीचं दुकान आहे, झोळ्या टांगलेलं. निम्म्या वाटेवर पडतं. बस पकड. मी निघालो."

दुकान म्हणजे झावळ्यांचं छप्पर, आणि खांबाखांबांना बांधलेल्या जाळीच्या तीस-चाळीस झोळ्या. ट्रकवाले, मोटारसायकलवर बायकापोरं घेऊन निघालेले, सगळे आडवे पडून घामाला वारा देत होते. लुआन आधीच पोचला होता. त्यानं तिच्यासाठी दाट दुधाची बर्फ घातलेली कॉफी सांगितली आणि भाताची थाळी पुढं सरकवली. ती जेवत असताना एक शब्द बोलला नाही.

"तुझ्या वडलांचा नंबर उघडला," ती शेवटी म्हणाली. "लामबाईंनी परवानगी दिली, सांगायला. त्यांना औषध मिळालं होतं."

तो पुढं झुकला.

"पाणी मिळालेलेही तितकेच बरे झाले. तितकेच गेले."

"म्हणजे त्या दिवशी तू पाकीट उघडलं असतंस," तो हळूहळू म्हणाला, "तर मी सुटकेचा श्वास टाकला असता. आणि तो खोटा असता."

"हो."

"आणि बाबा कशानं वाचले मग?"

"माहीत नाही." ती हसली, आणि हसता हसता डोळे वाहायला लागले. "बघ… चार वर्षांनीसुद्धा तेच. माहीत नाही."

त्यानं तिचा हात धरला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. त्याचा पंजा काथ्यानं खरखरीत झाला होता, आणि गरम. तिनं सोडवला नाही.

"तू सगळं नीट केलंस," तो म्हणाला. "मी पाहिलंय ना. चौदा पानं वाचल्येत मी."

ती झोळीत मागं रेलली. छपराच्या फटींतून ऊन तिच्या पायांवर पडत होतं. कुठंतरी ट्रकचा हॉर्न वाजला आणि तिचं अंग दचकलं नाही.

"उयेन," तो म्हणाला. "मला एक विचारायचंय. गेल्या वर्षापासून विचारायचंय. म्हणजे तू हो म्हण असं नाही, पण मी… आमचं घर तू पाहिलंसच. बाबा जरा वाकडं बोलतात, पण… आणि माझा एक कान… उयेन?"

तिचे डोळे मिटले होते.

तो थांबला. तिच्या पायातली एक चप्पल खाली पडली होती, दुसरी अंगठ्यावर लोंबत होती. त्यानं ती काढून दोन्ही शेजारी ठेवल्या. थाळीचं झाकण घेऊन तिच्या चेहऱ्यावरच्या माश्या हाकलत बसला. दुकानवालीनं येऊन विचारलं, "बायको का हो?" तो म्हणाला, "विचारत होतो. झोपली." दुकानवाली हसली आणि पंखा तिच्याकडं वळवून गेली.

ती जागी झाली तेव्हा ऊन पलीकडच्या खांबावर गेलं होतं. कॉफीतला बर्फ वितळून पाणी झालं होतं. तीन तास झाले होते. समोर तो तसाच बसला होता, हातात झाकण, डोळे तांबारलेले.

"इतका वेळ तू…"

"हां. जाम माश्या आहेत इथं."

ती उठून बसली. केस कपाळावरून मागं सारले. किती दिवसांनी अशी झोप लागली होती! अंग हलकं नव्हतं झालं, पण आपलं वाटत होतं.

"तू काहीतरी विचारत होतास," ती म्हणाली.

"कुठवर ऐकलंस?"

"एक कान."

"म्हणजे जवळजवळ सगळंच."

"मग उरलेलं विचार ना."

त्यानं झाकण खाली ठेवलं. "माझ्याशी लग्न करशील?"

शेजारच्या झोळीतल्या ट्रकवाल्यानं डोळ्यांवरची टोपी वर केली. उयेननं पायांनी चपला शोधल्या. त्या नीट जोडून ठेवलेल्या पाहून ती क्षणभर त्यांच्याकडंच बघत राहिली.

"सोमवारपासून नवी चाचणी आहे," ती म्हणाली. "पुन्हा तक्ते, पुन्हा रेघा. वॉर्ड मी सोडणार नाही. शनिवारी सुट्टी मिळाली तर बसनं येईन. आणि येईन ती अशीच येईन, लुआन. दमलेली, अर्धी झोपेत. नटूनथटून हसत येणारी बायको तुला मिळायची नाही."

"म्हणजे हो?"

"म्हणजे हो. पण ऐकलंस ना? दर वेळी दमून येणार मी."

"ये की," तो म्हणाला. "दमूनच ये."